परदेशी कामगार आणि मालकाची जबाबदारी : कॅनडातील कायद्याची दिशा

परदेशातून कामगार आणणाऱ्या मालकाला एकाच वेळी दोन कायद्यांचे पालन करावे लागते; त्यांपैकी एक कामगाराला देशात येऊन काम करण्याची परवानगी देतो, तर दुसरा त्याचे वेतन, कामाचे तास, सुट्या आणि कामावरून कमी करण्याच्या अटी ठरवतो. कॅनडात हे दोन कायदे दोन वेगळ्या सरकारांच्या हाती आहेत. वर्क परमिट संघ सरकार देते. रोजगारमानके, म्हणजे कामाच्या मोबदल्याबाबत व अटींबाबत कायद्याने घालून दिलेली किमान पातळी, मात्र बँका, रेल्वे, विमानवाहतूक व दूरसंचार यांसारखी क्षेत्रे वगळता प्रत्येक प्रांत स्वतः ठरवतो. परदेशी कामगाराच्या बहुतेक अडचणी या दोन व्यवस्थांच्या सांध्यात निर्माण होतात आणि अलीकडच्या सुधारणांचा रोखही तिकडेच आहे.

तात्पुरत्या परदेशी कामगार योजनेखाली माणूस आणू इच्छिणाऱ्या मालकाला प्रथम श्रमबाजार परिणाम मूल्यांकन करून घ्यावे लागते. ‘एलएमआयए’ या संक्षिप्त नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रक्रियेत त्या कामासाठी स्थानिक माणूस खरोखरच मिळत नाही ना, देऊ केलेले वेतन त्या भागातील प्रचलित वेतनाला धरून आहे ना, हे सरकार तपासते. बहुतेक कामांसाठी दर पदामागे १,००० कॅनेडियन डॉलर एवढे शुल्क मालकाने स्वतः भरायचे असते आणि ते कामगाराकडून कोणत्याही रूपाने वसूल करण्यास मनाई आहे. काही प्रकारच्या परमिटांना हे मूल्यांकन लागत नाही. पण शेती, उपाहारगृहे, मासळीप्रक्रिया अशा कमी वेतनाच्या क्षेत्रांत परदेशी कामगार बहुधा याच मार्गाने येतो.

तो एकदा कामावर रुजू झाला की प्रांताचा रोजगार कायदा त्याला स्थानिक कामगाराप्रमाणेच लागू होतो. ब्रिटिश कोलंबिया या पश्चिम किनाऱ्यावरील प्रांतात दिवसाच्या ८ तासांनंतरच्या कामाला दीडपट आणि १२ तासांनंतरच्या कामाला दुप्पट दराने वेतन द्यावे लागते. १ जून २०२५ पासून तेथील किमान वेतन ताशी १७.८५ डॉलर झाले. त्या दराने एखाद्या स्वयंपाक्याने जेवणाची सुटी वगळून १३ तास काम केले, तर पहिल्या ८ तासांचे ८, पुढच्या ४ तासांचे ६ आणि शेवटच्या तासाचे २ असे एकूण १६ तासांचे वेतन, म्हणजे २८५.६० डॉलर, त्याला मिळाले पाहिजे. सरसकट १३ तास मोजणारा मालक त्या एका दिवसात त्याचे ५३.५५ डॉलर बुडवतो. कायद्याने दिलेला हा हक्क कामगाराने सही करून सोडून दिला, तरी तो करार त्या प्रांतात निरर्थक ठरतो. कायद्याला अपवादही आहेत आणि ते बोचणारे आहेत : याच प्रांतात शेतमजुरांना जादा कामाच्या वेतनाची ही तरतूद लागू होत नाही, आणि परदेशी हातांवर सर्वाधिक विसंबून असलेल्या क्षेत्रांत शेतीची गणना होते.

कागदावर हक्क समान असूनही ते अमलात का येत नाहीत, याचे उत्तर परमिटाच्या स्वरूपात आहे. हंगामी शेतमजूर योजना १९६६ मध्ये जमैकातील कामगारांपासून सुरू झाली, तेव्हापासून या प्रकारच्या परमिटावर बहुतांशी एकाच मालकाचे नाव असते. ती नोकरी सुटली की नवी परवानगी मिळेपर्यंत कामगाराला दुसरीकडे काम करता येत नाही. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच मर्जीवर पोट, पुष्कळदा निवारा आणि देशातील कायदेशीर वास्तव्यही अवलंबून असल्यावर माणूस तोंड उघडण्यापूर्वी दहा वेळा विचार करतो. संयुक्त राष्ट्रांचे विशेष प्रतिवेदक तोमोया ओबोकाता यांनी २०२३ मध्ये कॅनडाचा दौरा केल्यानंतर तात्पुरती परदेशी कामगार योजना गुलामगिरीच्या आधुनिक प्रकारांना पोषक ठरत असल्याची कठोर टीका केली, ती याच बांधिलकीकडे बोट दाखवून.

त्यामुळे तक्रारीची वाट पाहण्याऐवजी मालकावर आधीच जबाबदारी टाकण्याकडे कायदा हळूहळू वळला. मॅनिटोबा प्रांताने २००९ पासून परदेशी कामगार भरती करणाऱ्यांना परवाना आणि मालकांना नोंदणी बंधनकारक केली. ब्रिटिश कोलंबियाने २०१८ मध्ये असाच कायदा करून भरती एजंटांना परवाना आणि पुढे डिसेंबर २०२० पासून मालकांना नोंदणीचे प्रमाणपत्र सक्तीचे केले. संघ सरकारने जून २०१९ मध्ये छळ सोसणाऱ्या कामगाराला दुसरा मालक शोधता यावा म्हणून खुल्या परमिटाची सोय केली, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये नियम आणखी कडक केले : मालकाने कामाच्या पहिल्या दिवशी किंवा त्याआधी सहीचा लेखी करार द्यावा, हक्कांची माहिती पुरवावी, तक्रार करणाऱ्यावर सूड उगवू नये आणि भरतीचे शुल्क स्वतः किंवा एजंटामार्फत घेऊ नये. नियमभंगाला प्रत्येकी १ लाख डॉलरपर्यंत दंड, एका वर्षात कमाल १० लाख डॉलर, शिवाय ठरावीक वर्षे किंवा कायमची बंदी होऊ शकते, आणि दोषी मालकाचे नाव सरकारी यादीत जाहीर होते.

शुल्काचा हा नियम महाराष्ट्रातील वाचकांनी विशेष लक्षात घेण्याजोगा आहे. भारतात १९८३च्या एमिग्रेशन कायद्यानुसार नोंदणी झालेल्या भरती एजंटाला कमाल ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढे सेवाशुल्क उमेदवाराकडून घेता येते, तर कॅनडाचा नियम नोकरी मिळवून देण्याबद्दल कामगाराकडून काहीच घेऊ देत नाही आणि मालकाने नेमलेल्या एजंटाने मुंबईत घेतलेल्या पैशांबद्दलही मालकालाच जबाबदार धरतो. प्रत्यक्षात मात्र नोकरी मिळवून देण्यासाठी लाखो रुपये मागणारे दलाल आढळतात. जमीन गहाण टाकून किंवा व्याजाने पैसे काढून गेलेला माणूस कर्ज फिटेपर्यंत कोणतीही अट मुकाट्याने मान्य करतो. म्हणून दलालाला दिलेली रक्कम ही शोषणाची पहिली पायरी ठरते.

ज्या कामगाराचे वास्तव्य मालकाच्या हाती आहे, त्याचे हक्क त्याच्या तक्रारीवर सोपवणे अन्यायाचे आहे. नोंदणी, तपासणी आणि दंड यांनी तो अन्याय कमी होतो. परंतु एकाच मालकाला जखडणारे परमिट मोकळे केल्याखेरीज तो संपणार नाही. तोपर्यंत कॅनडात कामाला निघालेल्या प्रत्येकाने एजंटाची नोंदणी पडताळावी, निघण्यापूर्वी करार मागून वाचावा, कामाचे तास रोज स्वतःच्या वहीत लिहून ठेवावेत आणि नोकरीसाठी पैसे मागणाऱ्याला ठाम नकार द्यावा.