पंचेचाळिशीतला गोलरक्षक

२५ नोव्हेंबर १९५१. शिकागो ब्लॅक हॉक्स विरुद्ध डेट्रॉइट रेड विंग्ज. आइस हॉकीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या तीन भागांत खेळला जातो. त्यातला तिसरा भाग बाकी असताना शिकागोचा गोलरक्षक हॅरी लमली दुखापतीमुळे बाहेर बसला. राखीव गोलरक्षक कुठून आणायचा? त्या काळी अमेरिका-कॅनडातल्या नॅशनल हॉकी लीगमधले, म्हणजे एनएचएलमधले संघ एकच गोलरक्षक घेऊन मैदानात उतरत. मग पॅड बांधून बर्फावर आला तो शिकागोचा सहायक ट्रेनर. खेळाडूंच्या दुखापतींची काळजी घेणारा आणि सरावात कोणी नसेल तेव्हा गोलपोस्टसमोर उभा राहणारा माणूस. नाव मॉरिस ऊर्फ मो रॉबर्ट्स, वय ४५.

त्याच्या पाठीमागची जाळी सहा फूट रुंद आणि चार फूट उंच. समोरून येणारा पक म्हणजे कडक रबराची चकती : कॅरमचा स्ट्रायकर जवळजवळ दुप्पट रुंद करून इंचभर जाड केला, तर जे होईल ते. वजन साधारण १७० ग्रॅम. वीसएक मीटरवरून जोरात मारलेला पक अर्ध्या-पाऊण सेकंदात जाळीशी पोहोचतो. तोवर गोलरक्षकाने तो पाहायचा, त्याची दिशा ओळखायची आणि अंग मध्ये घालायचं. आणि चेहरा उघडा! मास्क घालून खेळायची पद्धत झाक प्लांट या गोलरक्षकाने रुजवली ती १९५९ नंतर. गालावर, भुवईवर टाके पडणं हा तोवर कामाचाच भाग होता.

त्या वीस मिनिटांत रॉबर्ट्सने एकही गोल होऊ दिला नाही.

आणि समोर कोण होतं? त्या मोसमात एनएचएलच्या विजेतेपदाचा स्टॅनली कप जिंकणारा डेट्रॉइटचा संघ. त्यात २३ वर्षांचा आक्रमक खेळाडू गॉर्डी होव.

रॉबर्ट्सचा जन्म १९०५ चा, कनेटिकटमधल्या वॉटरबरी गावचा. ज्यू कुटुंबातला हा मुलगा मॅसॅच्युसेट्समधल्या समरव्हिलमध्ये वाढला. हॉकी तेव्हा जवळजवळ पूर्णपणे कॅनडाच्या पोरांचा खेळ होता. एनएचएलमध्ये अमेरिकेतला पहिला संघ आला तोच मुळी १९२४ मध्ये, बॉस्टन ब्रुइन्स. पुढच्याच मोसमात, ८ डिसेंबर १९२५ ला, ब्रुइन्सचा गोलरक्षक चार्ली स्टुअर्ट सामना चालू असताना जखमी झाला आणि त्याच्या जागी रॉबर्ट्स उतरला. विसावं वर्ष पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते.

१९२५ आणि १९५१ मधल्या या दोन सामन्यांमध्ये जवळपास सव्वीस वर्षं आहेत. एवढ्या काळात एनएचएलमधले त्याचे सामने किती? अवघे दहा. त्यातले सात न्यूयॉर्क अमेरिकन्सकडून, १९३० च्या दशकात. बाकी त्याची उमेदीची वर्षं गेली खालच्या दर्जाच्या लीगमध्ये, मुख्यतः क्लीव्हलँडमध्ये. मला हे आकडे करुण वाटत नाहीत. मोठ्या लीगमध्ये त्या काळात जेमतेम सहा ते दहा संघ आणि प्रत्येक संघात एकच गोलरक्षक, म्हणजे अख्ख्या जगात या कामाच्या मोजून सहा ते दहा जागा! अशा वेळी खालच्या लीगमध्ये वर्षानुवर्षं टिकून राहणं हीच मोठी कमाई.

शिवाय खेळ त्याच्या डोळ्यांदेखत बदलला. तो आला तेव्हा आक्रमणाच्या टापूत पक पुढे पास करायला बंदी होती. १९२९ मध्ये ती उठली, १९४३ मध्ये मैदानाच्या मध्यावर लाल रेषा आली, आणि खेळाचा वेग कुठल्या कुठे गेला. तरुणपणी एका तऱ्हेच्या हॉकीत तयार झालेली नजर पंचेचाळिशीत दुसऱ्याच तऱ्हेच्या हॉकीत कामाला आली, याचं मला फार अप्रूप आहे.

पण सगळ्यात विलक्षण गोष्ट वेगळीच आहे. रॉबर्ट्सला ज्याच्या जागी उतरावं लागलं, तो लमली १९४३ मध्ये अवघ्या १७ व्या वर्षी डेट्रॉइटकडून एनएचएलमध्ये उतरला होता. त्याच्याइतक्या कमी वयाचा गोलरक्षक या लीगने आजवर पाहिलेला नाही. आणि रॉबर्ट्सहून मोठ्या वयाचा गोलरक्षकही आजवर झालेला नाही. म्हणजे त्या रात्री एकाच जाळीसमोर सर्वांत धाकट्याने जागा सोडली आणि सर्वांत थोरल्याने ती घेतली. एनएचएलमधला सर्वांत वयस्क खेळाडू हा रॉबर्ट्सचा मान पुढे कित्येक वर्षांनी दुसऱ्याकडे गेला. तो मिळवला गॉर्डी होवने, १९७९-८० च्या मोसमात, वयाची पन्नाशी उलटल्यावर. शिकागोतल्या त्या सामन्यात रॉबर्ट्सच्या समोर खेळणारा तोच हा होव!

साठच्या दशकाच्या मध्यापासून प्रत्येक संघाला दोन गोलरक्षक सज्ज ठेवणं सक्तीचं झालं. तरी फट तेवढ्यानेही पुरती बुजली नाही. २२ फेब्रुवारी २०२० ला टोरांटोत कॅरोलायना हरिकेन्सचे दोन्ही गोलरक्षक जखमी झाले, तेव्हा पूर्वी मैदानाचा बर्फ सपाट करणारी गाडी चालवणारा डेव्हिड आयर्स पॅड बांधून उतरला आणि संघाने सामना जिंकला. त्याचं वय ४२ होतं. रॉबर्ट्सपेक्षा तीन वर्षांनी लहान.