रहाटाचे संगणकीय आरेखन : रेखाटन व घनाकृती यांची मूलसाधने

वसईच्या पश्चिम किनारपट्टीतील वटार हे बागायती वाड्यांच्या पट्ट्यात वसलेले गाव होय. या पट्ट्यातील केळी, पानवेली व भाजीपाला यांस पंपांचा प्रसार होण्यापूर्वी रहाटांनी पाणी मिळत असे. पंप आले, रहाट मागे पडले. आणि लाकडी यंत्र एकदा उघड्यावर निकामी पडले, की ते कुजावयास फार काळ लागत नाही. अशा यंत्राची नोंद ठेवावयाची तर छायाचित्र अपुरे पडते. कारण ते रूप दाखविते, भागाभागांतील संबंध दाखवीत नाही. हा संबंध नोंदविण्याचे सामर्थ्य संगणकीय आरेखनाच्या साधनांत आहे. मात्र ती साधने केवळ चित्र काढण्याची उपकरणे म्हणून वापरली, तर हे सामर्थ्य वाया जाते.

हा विचार या शास्त्राच्या आरंभापासूनच आढळतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेत आयव्हन सदरलँड यांनी 1963 मध्ये आपल्या प्रबंधात ‘स्केचपॅड’ ही प्रणाली मांडली. प्रकाशलेखणीने पडद्यावर रेषा ओढता येणे हा तिचा एक विशेष. त्याहून महत्त्वाचा विशेष असा की, दोन रेषा समांतर असाव्यात किंवा परस्परांस लंब असाव्यात, अशी अट घालताच संगणक आकृती त्या अटीनुसार जुळवून घेत असे. आजच्या आरेखन-प्रणालींतील ‘बंधन’ ही कल्पना हीच होय.

रेखाटनात रेषा, वर्तुळ व कंस हे मूळ घटक असतात. प्रत्येक घटकास ठराविक मोकळीक असते. सपाट पृष्ठावरील बिंदूस दोन, रेषाखंडास चार आणि वर्तुळास तीन अशी ही मोजदाद आहे. चार सुट्या रेषाखंडांचा आयत करावयाचा झाल्यास आरंभी सोळा मोकळिकी असतात. चार कोपरे जुळविले की आठ उरतात; दोन रेषा आडव्या व दोन उभ्या ठरविल्या की चार; लांबी व रुंदी दिली की दोन; आणि एक कोपरा मूळबिंदूवर स्थिर केला की शून्य. अशा रेखाटनास पूर्णबद्ध म्हणतात. फ्रीकॅड या मुक्त प्रणालीत पूर्णबद्ध रेखाटनाच्या रेषा सामान्यतः हिरव्या होतात. जे रेखाटन पूर्णबद्ध नाही ते दिसावयास बरोबर असले, तरी पुढे एखादे माप बदलताच अनपेक्षितपणे विस्कटू शकते.

रेखाटनापासून घनाकृती घडविण्याच्या प्रमुख क्रिया रहाटाच्या उदाहरणाने सहज ध्यानात येतात. वर्तुळास लंब दिशेने लांबी दिली की चाकातील खुंटी तयार होते. या क्रियेस एक्स्ट्रूड म्हणतात. गाडग्याचा अर्धा उभा छेद काढून तो मध्यअक्षाभोवती फिरविला की पूर्ण गाडगे मिळते. कुंभाराच्या चाकाचेच हे गणिती रूप होय, व त्यास रिव्हॉल्व्ह म्हणतात. लहान वर्तुळ एखाद्या वक्र मार्गावरून नेले की गाडग्यांच्या माळेचा दोर होतो. ही स्वीप क्रिया. खुंटी बसविण्याचे भोक म्हणजे एका घनाकृतीतून दुसरी वजा करणे. आणि एकच खुंटी अक्षाभोवती समान अंतराने पुनःपुन्हा मांडणे, हे वर्तुळाकार आवर्तन.

परंतु खरा प्रश्न खुंटी कशी काढावी हा नसून ती कोणावर अवलंबून आहे, हा आहे. जनावराच्या फेऱ्यांनी फिरणारे आडवे चाक व त्यात गुंतणारे उभे चाक यांवरील खुंट्यांची अंतरे सारखी असली, तरच ती सुरळीत चालतात. म्हणून चाकाचा व्यास स्वतंत्रपणे लिहिणे योग्य नव्हे. खुंट्यांची संख्या व दोन खुंट्यांमधील कंसावरचे अंतर यांचा गुणाकार करून त्यास पायने भागले असता खुंट्यांच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास येतो. समजा, अंतर 12 सेंटिमीटर व खुंट्या 40 आहेत. तर व्यास सुमारे 153 सेंटिमीटर होईल. खुंट्या 48 केल्या तर तो सुमारे 183 होईल. हे समीकरण प्रतिरूपातच लिहिले असेल, तर एक आकडा बदलताच चाक, भोके व आवर्तन ही सर्व त्यास अनुसरतात. सुताराच्या हाताला अंगवळणी पडलेला हिशेब असा लेखी स्वरूपात उतरतो.

क्रियांच्या क्रमासही महत्त्व आहे. प्रतिरूप हा क्रियांचा इतिहास असून पुढील क्रिया मागील क्रियांवर उभी असते. नवे रेखाटन आधीच्या घनाकृतीच्या एखाद्या पृष्ठाशी बांधले व ते पृष्ठ पुढे बदलले वा नाहीसे झाले, तर संदर्भ तुटतो. यास्तव मुख्य रेखाटने शक्यतो मूळ प्रतले व अक्ष यांच्याशी बांधावीत, आणि कडा गोलाविण्यासारखी कामे शेवटी ठेवावीत.

येथे एक धोकाही संभवतो. झिजलेल्या रहाटाच्या खुंट्या मोजल्या असता त्यांची अंतरे सहसा सारखी येत नाहीत. वर्तुळाकार आवर्तन मात्र ती सर्व सारखी करून टाकते. मग प्रतिरूप सुबक होते, पण लाकडाची झीज, दुरुस्ती व कारागिराने केलेली तडजोड ही पुसली जाते. म्हणून प्रत्यक्ष मोजलेली मापे आणि अनुमानाने ठरविलेली मापे यांची नोंद निराळी ठेवावी. शक्य तर यथास्थित व आदर्श अशी दोन प्रतिरूपे करावीत. कोणते माप लाकडावरून घेतले व कोणते समीकरणातून आले, हे पुढील अभ्यासकास ज्या प्रतिरूपातून कळेल, तेच मूळ रहाट नष्ट झाल्यावर पुरावा म्हणून उपयोगी पडेल.