स्वस्त इअरफोनची पारख

सिल्लोडहून अजिंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे फिरावयास निघालें, म्हणजे पोलीसभरतीची तयारी करणारे तरुण धांवतांना दिसतात. मुलांस १६०० मीटर व मुलींस ८०० मीटर धांवावें लागतें. त्यासाठीं हा सारा खटाटोप. बहुतेकांच्या कानांत इअरफोन असतात. त्यांपैकीं माझा एक जुना विद्यार्थी गेल्या महिन्यांत दोन खोकीं घेऊन आला व म्हणाला, "सर, दोन्ही हजाराच्या आंतले आहेत. तीन दिवसांत एक परत करायचा आहे. कोणता ठेवूं?" मी पडलों मॅट्रिक झालेला भाषेचा मास्तर, परंतु प्रश्न शिष्यानें विचारला, तेव्हां उत्तर शोधणें आलें.

श्रोतेहो, खोक्यावरील जाहिरात प्रथम बाजूस ठेवावी. आंतील पडदा मोठा म्हणून आवाज गोड, असें होत नाहीं. ‘ईएनसी’ या अक्षरांनीं तर पुष्कळांची फसगत होते. त्या योजनेनें आपल्या भोंवतालचा गोंगाट पलीकडच्या माणसास कमी ऐकूं जातो. आपल्या कानांस त्याचा उपयोग नाहीं. आपल्या कानांतील गोंगाट कमी करणारी योजना निराळी, तिचें नांव ‘एएनसी’. ‘आयपीएक्स ४’ म्हणजे सर्व बाजूंनीं उडणारे शिंतोडे सोसण्याची शक्ति. ही परीक्षा साध्या पाण्याची असते; घामांत मीठ असतें व तें धातूस खातें. म्हणून धांवून आल्यावर कोरड्या फडक्यानें पुसणें हें त्या आंकड्याहून अधिक उपयोगी.

खरी कसोटी मायक्रोफोनची. दुकानांत सगळेच स्पष्ट बोलतात! बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत हार्वे फ्लेचर प्रभृति शास्त्रज्ञांनीं निरर्थक अक्षरें उच्चारून, ऐकणाराकडून तीं लिहवून घेऊन टेलिफोनची परीक्षा केली होती. म्हणजे आमचें शुद्धलेखनच! मीं तेंच केलें. घरीं सौभाग्यवतींस कागद-पेन्सिल देऊन बसविलें, शिष्यास रस्त्यावर धांवत ठेवलें आणि ‘सर-शर, पळ-फळ, ताप-थाप’ असे वीस शब्द त्याजकडून फोनवर वदविले. खोलींत बसून बोलला तेव्हां दोन्ही यंत्रांवर वीसच्या वीस बरोबर. धांवतांना, वारा समोरून असतां, बिनतारीवर बारा व तारेच्यावर सतरा. तारेच्याचा दोष एवढाच, कीं मायक्रोफोनचा मणी सदऱ्याच्या गळपट्टीस घासून खसखस करी. चिमट्यानें तार अडकवितांच ती थांबली.

बिनतारीचें असें कां व्हावें? ब्लूटूथवर गाणें एकेरी वाटेनें येतें. बोलणें सुरू होतांच तीच वाट दुहेरी करावी लागते व ती अरुंद होते. साध्या पद्धतींत सेकंदास ४ हजार कंपनांवरील स्वर गळतात, सुधारलेल्या पद्धतींत ८ हजारांवरील. ‘स’चा सळसळाट बराचसा ४ हजारांच्या वरचा, तो गेला कीं ‘सर’ कीं ‘शर’ हें ऐकणारानें अदमासानें ठरवावयाचें. कॉल आला कीं चाललेलें गाणें बोदें होतें, तें यामुळेंच. त्यांत यंत्र बिघडलेलें नसतें.

रबरी टोप्यांचे तीन आकार खोक्यांत असतात. ते आळसानें न बदलतां वापरून लोक आवाजास नांवें ठेवतात. टोपी सैल असेल तर खर्ज नाहींसा होतो, मग आवाज वाढवावा लागतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मतें प्रौढानें ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तासांपर्यंत ऐकावा. पुढें दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. म्हणून टोपी घट्ट हवी. पण घट्ट टोपीनें रस्ताही बंद होतो, आणि येथें माझा जीव अडकला. कारण दिवाळीपूर्वीं याच मुलास मागून आलेली मक्याची ट्रॉली ऐकूं आली नव्हती. चालकानें वेळेवर वळविली म्हणून तो आज खोकीं घेऊन माझ्या ओसरीवर बसला होता.

त्यानें तारेचा संच ठेवला. आतां तो रस्त्याच्या उजव्या कडेनें, समोरून येणाऱ्या वाहनांकडे तोंड करून धांवतो. रस्त्याच्या बाजूचा डावा कान मोकळा, व त्या बाजूची गोळी सदऱ्याच्या आंत. एका कानांत अर्धेंच गाणें येतें अशी त्याची तक्रार होती, ती फोनमध्यें ‘मोनो’ची खूण केल्यावर मिटली.