‘होऊन जाईल’ हे लिहून घ्या!

तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू. घरात ताई-दादाचं लग्न ठरलं की एक काम हमखास आपल्या गळ्यात येतं, ‘तुला इन्स्टावरचं कळतं ना, व्हिडिओवाला तूच बघ.’ आपण चार रील्स बघतो, रेट विचारतो आणि अ‍ॅडव्हान्स पाठवून मोकळे होतो. गडबड होते ती इथेच. पंगतीतली भाजी खारट झाली तर लोक विसरतात, पण मंगलाष्टकांचं शूटिंग राहिलं तर रिटेक नसतो.

रीलवर भाळू नका. रीलमध्ये निवडक तीस सेकंद असतात. एखाद्या लग्नाची अख्खी फिल्म बघायला मागा. भटजींचा आवाज नीट येतो का, संध्याकाळच्या वरातीत चेहरे दिसतात का, ते तपासा. शूट स्वतः करणार की दुसरी टीम पाठवणार, हेही विचारा. मोठ्या मुहूर्ताला एकाच दिवशी अनेक ऑर्डर असतात.

अ‍ॅडव्हान्स देण्याआधी एवढं कागदावर हवंच :

• हळद, सीमांतपूजन, वरात यातलं काय पॅकेजमध्ये आहे? जादा तासाचे किती?
• कॅमेरे किती, माणसं किती? कुणी आजारी पडलं तर पर्याय कोण?
• टीझर आणि पूर्ण फिल्म कोणत्या तारखेला? बदल किती वेळा करून मिळतील?
• रॉ फुटेज मिळणार का? फोरके शूटिंग तासाला 45 जीबीपर्यंत जाऊ शकतं, त्यामुळे हार्डडिस्क कुणाची तेही ठरवा. त्याच रात्री दोन ठिकाणी कॉपी करायला सांगा.
• तारीख बदलली किंवा ऑर्डर रद्द झाली तर किती पैसे परत?

पैसे हप्त्यांत द्या, शेवटचा हप्ता फिल्म हातात आल्यावर. रोख दिलेत तर पावती घ्या.

व्हिडिओ कुणाचा, हाही प्रश्न आहेच. 1957च्या कॉपीराइट कायद्यानुसार पैसे देऊन करून घेतलेल्या फिल्मचा हक्क करून घेणाऱ्याचा असतो, पण करारात वेगळं लिहिलं नसेल तरच. म्हणून बारीक अक्षरातलं वाचा. ताईचा व्हिडिओ त्यांच्या पेजवर टाकायचा की नाही, हेही त्यात लिहा.

तरीही फसवणूक झालीच, तर आधी लेखी तक्रार द्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915. तिथेही सुटलं नाही तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं. 2019च्या कायद्यामुळे तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यातही करता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

‘अरे, ओळखीतलाच आहे, कागद कशाला?’ असं घरातलं कुणीतरी म्हणणारच. मग वाद घालू नका. ठरलेलं सगळं एका व्हॉट्सअ‍ॅप मेसेजमध्ये लिहून त्याला पाठवा आणि ‘ओके’ आल्यावरच अ‍ॅडव्हान्स टाका. नातंही टिकतं आणि पुरावाही राहतो.