हरभऱ्याचा बचाव, अळीचा जठराग्नी

तापीकाठच्या काळ्या जमिनीत, चोपडा-अमळनेरपासून शिरपूर-शिंदखेड्यापर्यंत, रब्बीत हरभरा उभा असतो. पहाटे त्या रानातून चालले की पोटऱ्यांना आंब लागते आणि कातडी चुणचुणते. पानांवरच्या बारीक लवेतून पाझरणारे हे आम्ल म्हणजे हरभऱ्याचा पहिला पहारा. तो ओलांडून घाटेअळी घाट्याला गोल भोक पाडते. डोके आत, निम्मे धड बाहेर, अशी ती निवांत जेवत बसते. एकेक अळी आयुष्यात ३०-४० घाटे रिकामे करते, असे कृषी खाते वर्षानुवर्षे सांगत आले आहे.

पण दाण्यातही एक पहारा आहे. अळी खाते ती प्रथिने, आणि ती तोडायला तिच्या आतड्यात ट्रिप्सिनसारखी विकरे लागतात. हरभऱ्याच्या दाण्यात नेमकी या विकरांच्या जबड्यात जाऊन बसणारी छोटी प्रथिने असतात. त्यांना रोधक म्हणू. विकर त्यांना चावायला जाते आणि तिथेच अडकून पडते. सोयाबीनमधला असा रोधक कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये स्फटिकरूपात वेगळा केला. १९७२ मध्ये ग्रीन आणि रायन यांनी दाखवले की किडीने पान कुरतडताच टोमॅटोचे झाड असे रोधक साठवू लागते, तेही न कुरतडलेल्या पानांतसुद्धा.

मग घाटेअळी उपाशी का मरत नाही? उत्तर पुण्यात सापडले. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत प्रभाकर रांजेकर, विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनाचा निष्कर्ष चमत्कारिक होता: हरभऱ्याचे रोधक अळीची विकरेच पचवून टाकतात. ज्यांनी जेवण थांबवायचे, तेच जेवणात गेले! पिढ्यान्‌पिढ्या हरभऱ्यावर जगलेल्या किडीने हरभऱ्याची मात्रा पचवली, दुसरे काय.

पुढच्याच वर्षी याच गटाने अळीला अनोळखी झाडांचे रोधक खाऊ घातले: भुईमूग, बटाटा, चौधारी घेवडा. अळ्या खुरटल्या. तरीही अळीच्या आतड्यात एक नव्हे, अनेक तऱ्हेची विकरे असतात. एका रोधकाला दाद न देणारी काही उरतातच. म्हणून वेगवेगळे रोधक एकामागून एक वापरावे लागतील, असे त्यांनी मांडले. मला तरी या सगळ्या संशोधनातली हीच सर्वांत प्रामाणिक ओळ वाटते.

हाच खेळ आपल्या पोटातही चालतो, पण शांतपणे. स्वादुपिंड ट्रिप्सिन तयार करते ते निष्क्रिय रूपात. लहान आतड्यात पोचल्यावर त्याला धार येते. वाटेतच एखादा रेणू चुकून जागा झाला, तर त्याला अडवायला स्पिंक-१ नावाचा रोधक तिथेच हजर असतो. या रोधकाच्या जनुकात बिघाड असेल तर स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागण्याचा धोका वाढतो. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी २००२ मध्ये भारतीय रुग्णांत असा संबंध दाखवला. यकृतातून रक्तात येणारा अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणखी वेगळा. तो उंदराच्या सापळ्यासारखा झटक्यात मिटतो, विकराला एका टोकावरून दुसऱ्या टोकाला फेकून मोडतो, आणि त्यात स्वतःही संपतो. तो रक्तात कमी असणाऱ्यांची फुफ्फुसे लवकर खराब होतात, हे स्वीडनच्या लॉरेल आणि एरिक्सन यांनी १९६३ मध्ये नोंदवले.

फरक इतकाच, की शरीरातल्या रोधकासमोर घरचेच, ओळखीचे विकर असते. शेतातल्या रोधकासमोर उभी असते ती डाव बदलणारी अळी. (आपल्याला मात्र कच्च्या दाण्यातल्या रोधकांची भीती नको, शिजवताना त्यांतले बहुतेक नष्ट होतात.)

असा परका रोधक घातलेला हरभरा आजही शेतकऱ्याच्या हाती नाही. तेव्हा फुलोरा येण्याआधीच रानात पक्षीथांबे रोवा, कामगंध सापळे लावा, आणि पतंग दिसू लागले की घाटे मोजत न बसता अळी लहान असतानाच फवारणीचा निर्णय घ्या.