तुणतुण्याला पिन

पहाटे साडेपाच

एप्रिलात खामगावात बारीक काम करायचं तर ऊन वर यायच्या आत. दुपारी पारा चाळिशी ओलांडतो, पंख्याशिवाय बसवत नाही, आणि पंख्याच्या वाऱ्यात ०.०६ मिलिमीटर जाडीची तांब्याची तार बोटांत राहत नाही. बोटाला घाम असला तर ती चिकटते आणि तुटते. म्हणून बेंजोच्या कॉइली मी पहाटे गुंडाळतो.

आजचा बेंजो मलकापूरकडच्या एका पार्टीचा आहे. चौदा एप्रिल तोंडावर आली आहे. जयंतीच्या मिरवणुकीत बेंजो बंद राहिलेला चालणार नाही. कालच मल्टिमीटर लावून पाहिला होता. चांगली कॉइल पाच-सहा किलोओहम दाखवते, ही काहीच दाखवत नव्हती. आत कुठेतरी तार तुटलेली. असं तुटलेलं टोक शोधत बसण्यात अर्थ नसतो, सगळी तार उतरवून नवी चढवायची.

शिलाई मशिनची जुनी मोटार, तिच्या दांड्यावर कॉइलचा साचा, बाजूला एक चिमुकला चुंबक. चुंबक फिरताना समोरच्या रीड स्विचला मिटवतो आणि तो स्विच एका साध्या कॅलक्युलेटरच्या ‘बरोबर’च्या बटणाला जोडलेला आहे. एक अधिक एक करून ठेवलं की प्रत्येक फेऱ्याला आकडा एकाने पुढे सरकतो. सात हजार फेरे घ्यायचे, म्हणजे जवळजवळ एक किलोमीटर तार. ती हातानेच ओढ सांभाळत सोडायची. ओढ जास्त झाली तर तुटते. कमी झाली तर फेरे सैल बसतात, आणि सैल फेरे मोठ्या आवाजात स्वतःच थरथरून शिट्टी मारायला लागतात. म्हणून शेवटी कॉइल वितळलेल्या मेणात बुडवून ठेवायची, बुडबुडे थांबेपर्यंत.

बेंजो हे वाद्य मुळात जपानी. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो यांनी टंकयंत्रासारख्या चाव्या तारांवर बसवून ‘ताइशोगोतो’ काढलं. तेच आपल्याकडे बुलबुलतरंग झालं. आपल्या वाजवणाऱ्यांनी त्याच्या तारांखाली चुंबक आणि कॉइल बसवली, आणि घरात बसून वाजवायचं ते नाजूक वाद्य वरातीच्या पुढे चालू लागलं. चुंबकाजवळ पोलादी तार हलली की कॉइलमध्ये वीज उमटते, एवढंच त्यामागचं तत्त्व. अमेरिकेत १९३०च्या सुमारास जॉर्ज बीचम यांनी गिटारसाठी हेच केलं होतं. तिथे त्याची पेटंटं झाली, कंपन्या उभ्या राहिल्या. इथे हे काम रेडिओ दुरुस्तीच्या टेबलांवर झालं, आणि कोणी केलं ते लिहून ठेवलेलं नाही. याची मला नेहमी हळहळ वाटते.

नऊ वाजता

दुकान उघडतं. या दिवसांत कुलरचे पंप आणि मिक्सर येतात, भाडं त्यांच्यावर निघतं. दीड तास त्यातच जातो.

साडेदहा

मेहकर तालुक्यातून एक शाहीर आले आहेत. वय साठीच्या पुढे. पिशवीतून धोतरात गुंडाळलेलं तुणतुणं काढून त्यांनी टेबलावर ठेवलं.

“भाऊ, हे माइकवर बोलतच नाई. समोर बसला त्याले आयकू येते, मांगच्याले नाई.”

दर वर्षी १२ जानेवारीला ते सिंदखेड राजाला जिजाऊंच्या जन्मोत्सवाला जातात, आणि एप्रिलात गावोगाव भीमगीतं असतात. ढोलकीला माइक आहे, कीबोर्डला वायर आहे, त्यांच्या गळ्याला माइक आहे. तुणतुणं काखेत असतं आणि शाहीर पोवाडा गाताना एका जागी उभे राहत नाहीत. त्याच्यापुढे माइक धरणार कोण? गेल्या दोन-तीन वर्षांत तुणतुणं हातात नुसतं दिसतं, असं ते म्हणाले. हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला.

मी तुणतुणं हातात घेऊन नीट पाहिलं. लाकडी नळकांडं, तळाला ताणलेलं चामडं, बाजूला खिळलेली दांडी, वर खुंटी. चामड्याच्या मध्यातून निघालेली एकच पोलादी तार नळकांड्यातून वर खुंटीपर्यंत. खुंटी हाताने घडवलेली आहे, चामडं त्यांनीच दोनदा बदललं आहे. दांडीच्या तळाशी एक पिझो चकती चिकटपट्टीने लावलेली आणि तिच्या दोन वायरी सरळ एका पिनेला जोडलेल्या. कोणीतरी आधी प्रयत्न केला होता.

“हे लावलं तं चिरकं वाजते, बाप्पा! आपलं तुनतुनं वाटतच नाई.”

बरोबर सांगत होते. यात चकतीचा दोष नाही, जोडणीचा आहे. आणि हीच गोष्ट मला या कामात सगळ्यांना समजावून सांगावीशी वाटते, कारण दहा-वीस रुपयांच्या चकतीला नावं ठेवून लोक ती काढून फेकतात.

पिझो म्हणजे पितळेच्या पातळ चकतीवर बसवलेली सिरॅमिकची चकती. घड्याळाच्या गजरात, खेळण्यात असते तीच. दाबली किंवा वाकवली की वीज देते. हा गुण पिअर आणि जाक क्युरी या भावांनी १८८०मध्ये स्फटिकांत दाखवला. पण ही वीज फार दुबळ्या पायांवर उभी असते. विजेच्या भाषेत चकती म्हणजे एक लहानसा कपॅसिटर, वीसेक नॅनोफॅरडचा. ती साउंड मिक्सरच्या लाइनच्या खाचेत लावली, तर तिथला रोध दहा किलोओहमच्या आसपास. या दोघांचा हिशेब केला तर ८०० हर्ट्झच्या खालचं सगळं उतरत जातं. चकती याहून लहान असेल तर ही रेघ आणखी वर सरकते. माइकच्या खाचेत लावली तर त्याहून वाईट. आता शाहिरांचा षड्ज पांढरी एकवर धरला, तर तो २६२ हर्ट्झला. म्हणजे ज्या सुरावर ते उभे आहेत तो सूरच वायरीत गळून जातो, आणि स्पीकरमधून वरची चिरचिर तेवढी बाहेर येते.

उपाय छोटा आहे. चकतीच्या पुढे दहा किलोओहमऐवजी एक मेगाओहम ठेवायचा. तेवढ्याने रेघ ८०० वरून ८ हर्ट्झवर येते, माणसाच्या कानाच्याही खाली. त्यासाठी एक एफईटी ट्रान्झिस्टर, तीन रेझिस्टर, दोन कपॅसिटर आणि नऊ व्होल्टची बॅटरी लागते. हे सर्किट आवाज वाढवत नाही. चकतीवर ओझं न टाकता तिचं म्हणणं पुढे पोचवतं.

चकती कुठे लावायची हा यापेक्षा अवघड प्रश्न. चामड्यावर लावली तर आवाज मोठा येतो, पण चामड्याला वजन होतं आणि तुणतुण्याचा तो ‘टुंव’ करून वर चढणारा सूर जड होतो. शिवाय हात लागला की धडधड. दांडीवर फार वर लावली तर नुसतं लाकूड वाजतं. मी लहान चकती घेतो आणि नळकांड्याच्या बाहेरून, चामड्याच्या कडेच्या दोन बोटं वर लावतो. नळकांडं गोल, चकती सपाट. तेव्हा आधी एम-सीलची छोटी सपाट बैठक करायची, ती वाळली की एपॉक्सीने चकती. चिकटपट्टी मऊ असते, ती थरथर गिळते. सोल्डर करताना सिरॅमिकवर कैया दोन सेकंदांवर ठेवायचा नाही, वरचा चांदीचा पातळ थर उचलून येतो.

बॅटरीचा डबा मी तुणतुण्याला लावला नाही. दोन-दोन तास काखेत धरायच्या वाद्याला बॅटरीचं वजनही कळतं. डबी कमरेच्या पट्ट्याला. तुणतुण्याला फक्त चकती आणि एक लहान खाच. मीटरभर वायरीने फरक पडत नाही, तिची कपॅसिटन्स चकतीच्या मानाने फारच थोडी.

“भोक पाडा लागन का?” शाहिरांनी विचारलं.

“नाही काका. कुठेच नाही.”

दुपारी एक

बैठक वाळत ठेवली. शाहिरांना डब्यात घेतलं. ज्वारीची भाकर, ठेचा, बेसन. बाहेर रस्ता मोकळा पडला आहे.

दुपारी तीन

शेगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारा एक मुलगा आला. सुक्या मेव्याचा प्लायचा खोका, त्यातून आरपार गेलेली सागाची पट्टी, तीन गिटारच्या तारा, घोडीच्या जागी एक लोखंडी बोल्ट. सिगारच्या खोक्याची गिटार म्हणतात ती ही जात. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात सिगार लाकडी खोक्यांतून विकले जाऊ लागले आणि ज्यांना वाद्य विकत घेणं परवडत नव्हतं त्यांनी त्या खोक्यांना तारा लावल्या. एडविन फोर्ब्ज या चित्रकाराच्या तिथल्या यादवी युद्धावरच्या एका चित्रात सैनिक तसलंच फिडल वाजवताना दिसतो. शाहीर अजून दुकानातच होते. त्यांनी खोका हातात घेऊन टिचकी मारली आणि म्हणाले, “हे आपल्याच घरचं आहे.” मलाही तसंच वाटतं. डालड्याच्या डब्याची तुणतुणी मी लहानपणी पाहिली आहेत.

मुलाला चुंबकाची कॉइल आणि पिझो दोन्ही हवे होते. कॉइल फक्त तार ऐकते, खोका ऐकत नाही. खोक्याचा डबडबीत, उबदार आवाज पिझोतून येतो. त्याने दोन्ही एकाच व्हॉल्यूमला जोडले होते आणि पिझो मेल्यासारखा झाला होता. साहजिकच आहे. सहा किलोओहमची कॉइल त्याच्या बोकांडी बसली. पिझोला त्याचं वेगळं एफईटी, वेगळा व्हॉल्यूम, आणि दोघांना रेझिस्टरमधून नंतर एकत्र आणायचं. त्याने ते वहीत काढून घेतलं. मी त्यालाच सोल्डर करायला बसवलं.

मग गुणगुण. पिनेच्या धातूच्या बॉडीवर हात ठेवला की थांबते, सोडला की सुरू. ही ५० हर्ट्झची घरची वीज. खोक्याच्या आतून तांब्याची पट्टी लावली की बरीच कमी होते. राहिलेली घालवायला बहुतेक जण तारा सरळ ग्राउंडला जोडतात. इथे मी त्या मुलाला थांबवून बसवलं, कारण हा विषय मी कोणालाही घाईत सांगत नाही.

आपल्या मांडवांत वीज कुठून कशी आलेली असते हे सगळ्यांना माहीत आहे. अर्थिंग असेलच असं नाही. अँप्लिफायरच्या बॉडीवर करंट उतरलेला असेल आणि तारा ग्राउंडला असतील, तर बोटं तारांवर आणि ओठ दुसऱ्या सप्लायवरच्या माइकला, एवढं माणूस जायला पुरेसं आहे. म्हणून मी तारा सरळ जोडत नाही. मध्ये ०.०१ मायक्रोफॅरडचा, हजार व्होल्टचा कपॅसिटर घालतो. गुणगुण तेवढ्यानेही दबते आणि २३० व्होल्ट आले तरी त्यातून एक मिलिअँपिअरही जात नाही. बटणं प्लास्टिकची, आणि पिनेची धातूची बॉडी हाताला लागेल अशी ठेवायची नाही. पाच रुपयांचा भाग आहे. माझ्या टेबलावरून गेलेलं कोणतंही तारांचं वाद्य त्याच्याशिवाय जात नाही.

साडेपाच

तुणतुणं तयार. शाहिरांनी कमरेला डबी लावली, खुंटी पिळली, तार छेडली. दुकानाच्या छोट्या स्पीकरमधून तो चढता सूर आला, चामड्यासकट. त्यांनी डबी बंद करून नुसतं वाजवलं, पुन्हा चालू करून वाजवलं. तीनदा असं केलं. “तेच आहे,” म्हणाले. मला याहून मोठी पावती नको असते. आवाज मोठा करणं कोणालाही येतं. मोठा होऊनही तो त्याच तुणतुण्याचा राहिला पाहिजे, या माणसाच्या खुंटीचा आणि याने ताणलेल्या चामड्याचा. एकतारी, तुणतुणं, वीणा मांडवांतून हरवतात त्याचं कारण लोकांना ती नकोशी झाली हे नाही. कीबोर्डला वायर मिळाली आणि यांना मिळाली नाही.

संध्याकाळी सात

एका गावात अखंड हरिनाम सप्ताह चालू आहे. तिथल्या वीणेला आवाज हवा आहे, पण दुकानात आणता येत नाही. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत. पहाऱ्यागणिक एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तेव्हा तिथेच जायचं आणि वीणेकरी उभे असताना काम करायचं.

वीणेला पितळी तारा आहेत, म्हणजे चुंबकाचा प्रश्नच नाही. चकती चामड्याच्या दोन तुकड्यांत शिवून आणली होती, वर छोटा चिमटा. घोडीच्या बाजूला भोपळ्याच्या कडेवर चिमटा बसवला, कापड मध्ये घालून, ओरखडा येऊ नये म्हणून. वीणेकरी महाराजांनी नामस्मरण थांबवलं नाही. मी त्यांच्या चालीबरोबर दोन पावलं पुढे, दोन मागे करत वायर कमरेपर्यंत आणली.

भोपळा पोकळ, स्पीकर जवळ, त्यामुळे आवाज चढवताच हुंकार फिरू लागला. मंडळातले एक जण म्हणाले, मिक्सरवर कमी करा. कमी केला तर वीणा पुन्हा हरवेल. मी स्पीकरच दोन हात पुढे घेऊन तोंडं श्रोत्यांकडे वळवली आणि भोपळ्याचा जो सूर घुमत होता तेवढाच मिक्सरवर उतरवला. कीर्तन उभं राहिलं तेव्हा टाळ-मृदंगाखाली वीणेचा षड्ज शेवटच्या ओळीपर्यंत जात होता.

रात्री दहा

२०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे दहाला स्पीकर बंद. वीणा मात्र चालूच, आता वायरीशिवाय. मंडळाच्या तरुण कार्यकर्त्याला मी चिमटा काढून-लावून दाखवला आणि डबीच्या झाकणाच्या आत चिकटवलेला सर्किटचा कागद दाखवला, म्हणजे मी नसलो तरी गावातला कोणीही दुरुस्त करील. मग जे शाहिरांना आणि त्या मुलाला सांगितलं तेच त्यालाही सांगितलं: डबीला वेगळं बटण नाही, पिन आत घातली की बॅटरी चालू होते, तेव्हा कार्यक्रम संपला की पिन काढून ठेवायची.