परवाना मिळाल्यानंतर काय?

“आपल्याकडे कुठे अमेरिकेसारखं आहे?” बंदुकीचा विषय निघाला की हे वाक्य ठरलेलं. ते खरंही आहे. अमेरिकेत माणसांपेक्षा बंदुका जास्त आहेत आणि शाळेतल्या गोळीबाराची बातमी आली की तिथला वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. आपल्याकडे बंदूक बाळगणं हा हक्क नाही, ती सरकारने दिलेली परवानगी आहे. म्हणून आपण निश्चिंत असतो. पण वाचकहो, ही निश्चिंती कितपत खरी आहे, हे एकदा तपासून पाहायला हवं, असं मला वाटतं.

जिनिव्हाच्या स्मॉल आर्म्स सर्व्हे या संस्थेने २०१७ साली एक अंदाज मांडला होता. भारतात सामान्य नागरिकांच्या हातात सुमारे ७ कोटी ११ लाख बंदुका असाव्यात आणि त्यातल्या नोंद असलेल्या फक्त ९७ लाख. म्हणजे दर सात बंदुकांपैकी सहांचा कागद कुठेच नाही! अंदाज थोडा इकडेतिकडे होईल, पण चित्र बदलत नाही. कायदा ज्यांना विचारू शकतो ते थोडे, आणि ज्यांचा पत्ताच नाही ते फार.

हा विषय आमच्या घरात आला तो बिदरच्या घटनेमुळे. १६ जानेवारी २०२५ रोजी बिदरमध्ये एटीएममध्ये भरायची रोकड घेऊन आलेल्या माणसांवर दोघांनी भरदिवसा गोळ्या झाडल्या. एक जण जागीच गेला. पैशांची पेटी घेऊन ते दोघे निघाले आणि त्याच संध्याकाळी हैदराबादच्या अफझलगंजमध्ये एका खासगी बससेवेच्या ऑफिसात बॅग तपासायची वेळ आली तेव्हा तिथेही त्यांनी गोळी झाडली. बिदर आपल्याला परकं नाही. आपल्यातल्या कितीतरी जणांचं माहेर, आजोळ त्या भागात आहे.

माझ्या पत्नीच्या धाकट्या भावाचा पेट्रोल पंप मुंबई महामार्गावर, झहीराबादच्या बाजूला आहे. रात्री दिवसभराचा गल्ला घेऊन तो एकटा गाडीने घरी येतो. बिदरची बातमी आल्यावर तो म्हणाला, “भावोजी, मी आता रिव्हॉल्व्हरसाठी अर्ज करतोय. तुम्ही बँकेत होतात, फॉर्म भरायला मदत करा.” घरात त्याची म्हातारी आई आणि दोन मुलं. एक अकरा वर्षांचा, एक पंधराची. मी लगेच हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. त्याची भीती खोटी नव्हती. रविवारी उपासनेनंतर चहा घेताना हाच विषय निघाला, तेव्हा मंडळीतही दोन तट पडले. एकाने गेथशेमाने बागेत पेत्राला तलवार म्यानात घालायला सांगितलं होतं त्याचा दाखला दिला, तर दुसऱ्याने लगेच विचारलं, “पण मुळात शिष्यांजवळ दोन तलवारी होत्याच ना?” त्यावर सगळे हसले आणि चहा संपला. प्रश्न मात्र राहिला.

आधी कायदा पाहू. इंग्रजांनी १८७८ साली शस्त्र कायदा आणला तो मुख्यतः इथल्या माणसाच्या हातातून हत्यार काढून घेण्यासाठी. युरोपियनांना त्यातून सूट होती. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा शस्त्र कायदा आला आणि २०१६ चे नियम आले. आपोआप गोळ्या झाडणारी शस्त्रं सामान्य माणसाला मिळतच नाहीत. बाकीच्यांसाठी वय २१ पूर्ण हवं, जिवाला धोका आहे हे पटवून द्यावं लागतं, पोलिस चौकशी होते, बंदूक हाताळण्याचं प्रशिक्षण घ्यावं लागतं, ती घरात नीट कुलपात ठेवीन असं लिहून द्यावं लागतं. शहरात हा अधिकार पोलिस आयुक्तांकडे, जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांकडे. प्रत्येक परवान्याला देशभरात एकच क्रमांक असतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवायची मुभा राहिली. मात्र परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षं झाली.

कागदावर यात फारसं काही कमी नाही. पण सगळी कडक तपासणी परवाना देण्याच्या दिवसापर्यंतची आहे. त्या दिवसानंतर पाच वर्षं त्या कपाटाकडे कोण बघतं? किल्ली कुठे असते? मालकाची दारू वाढली का, धंदा बुडून तो खचला का, भावाभावांत वाटणीचं भांडण लागलं का? हे विचारायला कुणीही येत नाही. माझ्या मते आपली खरी अडचण इथे आहे.

आदिलाबादचं उदाहरण घ्या. ते तर आपलं मराठी बोलणारं गाव. १८ डिसेंबर २०२० रोजी तिथल्या ताटिगुडा भागात मुलांच्या क्रिकेटवरून भांडण झालं. त्यात एका स्थानिक राजकीय पुढाऱ्याने स्वतःच्या परवान्याच्या हत्याराने गोळ्या झाडल्या. जखमींपैकी एक जण काही दिवसांनी हैदराबादच्या हॉस्पिटलमध्ये वारला. पुढे न्यायालयाने त्या पुढाऱ्याला जन्मठेप दिली. परवाना खरा, चौकशी झालेली, मालक गावात नावाजलेला. कारण काय, तर पोरांचा क्रिकेटचा खेळ! त्या दिवशी हाताशी बंदूक नसती, तर शिवीगाळ झाली असती, फार तर हाणामारी झाली असती आणि दुसऱ्या दिवशी कुणी वडीलधाऱ्याने मिटवलं असतं.

मुंबईत दहिसरला ८ फेब्रुवारी २०२४ रोजी माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची हत्या झाली, तीही फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना. तिथे पिस्तूल परवान्याचंच होतं, पण परवाना मारेकऱ्याचा नव्हता, त्याच्या अंगरक्षकाचा होता. परवाना एका माणसाला मिळतो. बंदूक मात्र ज्याच्या हाताला लागेल त्याची होते. आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला अभिनेते गोविंदा यांच्या पायात त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरची गोळी घुसली. कुणी शत्रू नव्हता, भांडण नव्हतं. पहाटे प्रवासाला निघायची घाई होती.

आता मी ज्या जगात ३४ वर्षं काढली तिथली गोष्ट सांगतो. बँकेच्या दारात दुनाळी बंदूक घेऊन उभा असलेला गनमन तुम्ही रोज पाहता. ती बंदूक बऱ्याचदा बँकेची नसते, एजन्सीचीही नसते. ती त्या माणसाची स्वतःची असते, कुठल्यातरी दूरच्या जिल्ह्यातून स्वसंरक्षणासाठी काढलेल्या परवान्यावरची. एजन्सी असाच माणूस शोधते, कारण बंदुकीसकट आला की काम सोपं होतं. साध्या वॉचमनपेक्षा त्याला पगार थोडा जास्त. मग बंदूक हेच नोकरीचं भांडवल होतं. मी पाहिलेले बहुतेक गनमन सज्जन होते, बारा-बारा तास उभे राहणारे, गावी पैसे पाठवणारे. एकदा आमच्या शाखेत जेवणाच्या सुट्टीत बंदूक भिंतीला टेकवून गनमन पाणी प्यायला गेला आणि एका ग्राहकाचा सात-आठ वर्षांचा मुलगा ती उचलायला गेला. काही झालं नाही. पण त्यानंतर मी जेव्हा जेव्हा बँकेत लहान मूल पाहिलं, तेव्हा आधी बंदूक कुठे आहे ते पाहिलं.

या मागणीतूनच बनावट परवान्यांचा धंदा उभा राहिला. २०२२ च्या जुलैत हैदराबाद पोलिसांनी असं एक रॅकेट पकडलं. जम्मू-काश्मीरच्या राजौरी भागाच्या नावाचे खोटे परवाने दाखवून लोक इथे सुरक्षारक्षक म्हणून कामाला लागले होते. तीसच्या वर बंदुका जप्त झाल्या. म्हणजे ज्याला आपण बंदोबस्त समजत होतो, तोच बेकायदा होता. खुद्द जम्मू-काश्मीरमध्ये २०१२ ते २०१६ या काळात वाटलेल्या लाखो परवान्यांचा तपास सीबीआय करत आहे आणि त्यात बडे अधिकारीही अडकले. कागदच विकत मिळत असेल, तर कायदा कितीही कडक असून काय उपयोग?

सरकारी शस्त्रांचंही तेच. १९ नोव्हेंबर २०१४ च्या सकाळी आपल्या बंजारा हिल्समध्ये केबीआर पार्कजवळ एका बड्या औषध कंपनीच्या अधिकाऱ्याला पळवून नेण्याचा प्रयत्न झाला. हल्लेखोराच्या हातात एके-४७ होती. तो निघाला पोलिस शिपाई, आणि रायफल नक्षलविरोधी ग्रेहाउंड्स दलातून चोरलेली.

मग “परवाने बंद करा” हा उपाय आहे का? मला तसं वाटत नाही. जंगलाच्या कडेला रानडुकरांपासून शेत राखणारा शेतकरी आहे, नेमबाजीचा सराव करणारी मुलं-मुली आहेत. शिवाय बिदरच्या त्या दोघांनी कुठे फॉर्म भरला होता? गावठी कट्टा बिहारच्या मुंगेरहून येतो, जळगावच्या सीमेपलीकडच्या उमर्टीसारख्या गावांतून महाराष्ट्रात येतो. तिथल्या कारागिरांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे आणि दुसरं काम नाही. छापा पडतो, भट्टी मोडते, महिन्याने पुन्हा पेटते. ऑस्ट्रेलियाने १९९६ च्या पोर्ट आर्थर हत्याकांडानंतर सुमारे साडेसहा लाख बंदुका लोकांकडून पैसे देऊन परत घेतल्या. आपल्याकडे ज्याची नोंदच नाही ते परत कसं मागणार?

निवडणुकीच्या वेळी परवान्याच्या बंदुका पोलिस ठाण्यात जमा करायला सांगतात. तिथेही सरसकट हुकूम चालत नाही. कुणाची जमा करायची हे छाननी समिती प्रत्येकाची माहिती पाहून ठरवते. मला ही पद्धत फार शहाणपणाची वाटते. माणूस पाहून निर्णय. मग हे पाच वर्षांतून एकदाच का? दर वर्षी एकदा बंदूक, काडतुसं आणि मालक तिघांनीही ठाण्यात हजेरी लावावी. काडतुसं किती घेतली, किती उडाली, याचा हिशेब द्यावा. बीडमध्ये २०२४ च्या डिसेंबरात सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाल्यावर एकट्या त्या जिल्ह्यात बाराशेहून जास्त शस्त्रपरवाने असल्याचं बाहेर आलं आणि मग छाननी सुरू झाली. हत्या होईपर्यंत थांबायची गरज नव्हती.

पण सरकारने काय करावं हे लिहिणं सोपं आहे. आपण काय करू शकतो, तेही लिहितो.

पहिलं, लग्न. जुन्या शहरात असो की मराठवाड्यात, वरातीत हवेत बार काढणं हा मोठेपणा समजला जातो. वर गेलेली गोळी खाली येतेच आणि ती कुणाच्या गच्चीवर येईल हे नवरदेवालाही माहीत नसतं. २०१९ पासून अशा निष्काळजी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. यजमानाने आणि हॉलच्या मालकाने आधीच बजावलं, तर पोलिसांची वेळ येत नाही.

दुसरं, आजोबांची बंदूक. हैदराबादच्या कितीतरी जुन्या घरांत निजामाच्या काळापासूनची शिकारीची बंदूक माळ्यावर आहे. परवानाधारक वारला की त्याचा परवाना वारसाला आपोआप मिळत नाही. बंदूक ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून वारसाने स्वतःचा अर्ज करायचा असतो. मालक हयात असताना, वय ७० झालं किंवा बंदूक २५ वर्षं बाळगली, तर वारसाच्या नावावर करून घेण्याची सोय नियमांत आहे. आठवण म्हणून ठेवलेलं ते लोखंड कायद्याने गुन्हा होतं, हे घरच्यांना माहीतच नसतं.

तिसरं, आणि सगळ्यांत अवघड. ज्या घरात बंदूक आहे तिथे कुणी खचलं असेल, पिऊन आरडाओरडा करत असेल, जिवाचं बरंवाईट करायची भाषा बोलत असेल, तर गप्प बसू नका. रागाचा किंवा निराशेचा झटका ओसरतो. बंदूक जवळ असली तर ओसरायला वेळच मिळत नाही. परवाना निलंबित किंवा रद्द करण्याचा अधिकार परवाना देणाऱ्याला कायद्याच्या १७ व्या कलमाने दिला आहे. पण त्याला कळणार कसं? ते बायकोला माहीत असतं, भावाला माहीत असतं, शेजाऱ्याला ऐकू येतं. “आपण कशाला मध्ये पडा” म्हणून आपण दार लावून घेतो. पोलिसांत जायचं धाडस नसेल, तर निदान घरातल्या वडीलधाऱ्याला, पाळकसाहेबांना सांगा आणि बंदूक काही दिवस विक्रेत्याकडे जमा करायला लावा.

मेहुण्याचा फॉर्म मी भरून दिला. पण सोबत एका वहीच्या पानावर प्रश्नही लिहून दिले. किल्ली कुणाकडे राहणार? काडतुसं वेगळ्या कुलपात ठेवणार का? मोटारसायकलवरचे दोघे पिस्तूल रोखून काचेशी आले, तर तुझा हात कप्प्यापर्यंत पोचेल का? रोकड रोज न आणता कॅश नेणाऱ्या कंपनीला ते काम दिलं, तर महिन्याला किती खर्च येईल? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर त्याने दुसऱ्याच दिवशी काढलं. आता कंपनीची गाडी संध्याकाळी पंपावर येते. अर्ज अजून त्याच्या टेबलाच्या खणातच आहे. तो द्यायचा की नाही हे तो ठरवील. मात्र पहिले दोन प्रश्न त्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीने मागून वाचले आणि ती म्हणाली, “बाबा, याचं उत्तर आम्हालाही सांगायला लागेल.” मला वाटतं, परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यानेही घरच्यांना एवढं एकदा विचारायला काय हरकत आहे?